दात मोजून किंमत

जुन्या वस्तूची किंमत विचारायला येणाऱ्या माणसाला किंमत नको असते. आकडा त्याच्याकडे असतोच. तो आजोबांनी वडिलांना सांगितलेला असतो, वडिलांनी दर दिवाळीला त्यात थोडी भर घातलेली असते आणि मुलाने ती रक्कम फ्लॅटच्या हप्त्यांत मनातल्या मनात वळती करून टाकलेली असते. आता फक्त कुणीतरी जाणत्याने मान डोलवायची बाकी असते. ज्याची मान आडवी हलते, त्याला पुढच्या मुंजीचं आमंत्रण येत नाही.

मी जाणता नाही. चावी दिली की किणकिणणारे जुने म्युझिक बॉक्स आणि चावी दिली की मान वळवणाऱ्या, पंखे हलवणाऱ्या, चहा ओतणाऱ्या बाहुल्या यांच्याबद्दल वाचायचा नाद आहे, इतकंच. पण आपल्याकडे एखाद्या विषयावरची दोन पुस्तकं कपाटात दिसली की माणूस त्या विषयातला शेवटचा शब्द ठरतो. त्यामुळे लोक पिशवीत काहीतरी जड घेऊन येतात. पिशवी सोफ्यावर ठेवतात, आधी हवेबद्दल बोलतात, मग पार्किंगबद्दल, आणि मग आवाज खाली आणून विचारतात, "साधारण किती येतील हो याचे?"

आमच्या सोसायटीतले एक निवृत्त काका असेच आले. पेटी काळ्या लाखेची, झाकणावर बर्फाची टोपी घातलेला डोंगर, आत लाल मखमल आणि आरसा.

"पणजोबांची आहे," काका म्हणाले. "अठराशे नव्वदची. जिल्ह्याच्या गोऱ्या कलेक्टरने खूश होऊन दिली होती."

महाराष्ट्रात जुन्या वस्तूच्या मागे गोरा साहेब उभा नाही असं सहसा होत नाही. घड्याळ असो, काठी असो, नाहीतर कंदील. या कहाण्या एकत्र केल्या तर इंग्रज इथे राज्य करायला आले होते की बक्षिसं वाटायला, असा प्रश्न पडावा. काकांनी झाकण उघडलं. पेटी गोड आवाजात वाजायला लागली.

"काका, ही धून 'डॉक्टर झिवागो' सिनेमातली आहे."

"असेल. मग?"

"सिनेमा १९६५ चा आहे."

काका क्षणभरही अडखळले नाहीत. "मग त्या सिनेमावाल्यांनी आमच्या पेटीवरून उचलली असणार. तू बघ ना जरा, केस होते का ते."

किंमत ठरवण्याची ही पहिली पायरी आहे आणि ती फुकट आहे. पेटी काय वाजवते ते ऐका. 'लाराज थीम' वाजली तर पेटी १९६५ नंतरची. 'एडलवाइस' वाजलं तर १९५९ नंतरची, कारण 'द साउंड ऑफ म्युझिक' हे संगीतनाटक त्या वर्षी रंगभूमीवर आलं. 'लव्ह स्टोरी'ची धून असेल तर १९७० नंतरची. बीथोव्हेनचं 'फ्यूर एलिझ' वाजलं तर मात्र काहीच सिद्ध होत नाही. ते छापलं गेलं १८६७ मध्ये, बीथोव्हेन गेल्यावर चाळीस वर्षांनी, आणि तेव्हापासून ते थांबलेलंच नाही. आपल्याकडे गाड्या रिव्हर्स घेतानाही ते वाजत असे. खरोखरच्या जुन्या पेटीवर रॉसिनी, बेलिनी, डोनिझेट्टी, व्हर्दी यांच्या ऑपेरांतले तुकडे असतात, वॉल्ट्झ असतात, चर्चमधली गाणी असतात. झाकणाच्या आतल्या बाजूला सुरेख नक्षीच्या कागदावर, हाताने लिहिलेली त्यांची यादी चिकटवलेली असते. ती यादी फाटलेली असली तरी खरवडून काढायची नसते. आमच्याकडे मात्र पेटी सापडली की गृहिणी पहिल्यांदा तोच 'मळका कागद' काढते.

काकांची पेटी जपानी निघाली. जपानच्या नागानो प्रांतातल्या सुवा इथे १९४६ मध्ये सांक्यो नावाची कंपनी सुरू झाली आणि तिने अठरा दातांची ही चिमुकली यंत्रणा इतक्या प्रचंड संख्येने बनवली की जगातल्या दागिन्यांच्या डब्यांत गिरकी घेणाऱ्या कितीतरी नर्तिका तिच्याच तालावर नाचत आल्या. डबी चांगली आहे, नातीला द्यावी, असं मी सुचवलं. तेव्हापासून काका लिफ्टमध्ये माझ्याशी फक्त हवेबद्दल बोलतात.

अठरा दात म्हटलं, ते जरा नीट सांगायला हवं, कारण या धंद्यात सगळं दातांवर आहे. जिनिव्हाचा घड्याळजी आंत्वान फाव्र याने १७९६ मध्ये तिथल्या कला-मंडळापुढे एक युक्ती मांडली. तोपर्यंत वाजत्या घड्याळांत छोट्या घंटा आणि हातोड्या असत. त्यांना जागा फार लागे. फाव्रने घंटा काढून टाकल्या आणि पोलादाच्या पात्या वापरल्या. प्रत्येक पातीचा सूर वेगळा. पुढे या पात्यांची एकसंध फणी झाली. पितळी नळकांड्यावर बारीक पिना बसवायच्या, नळकांडं फिरलं की पिना फणीचे दात उचलून सोडतात आणि सूर उमटतो. एवढीच युक्ती. पण तिच्यावर जिनिव्हा आणि जुरा डोंगरातलं सेंट-क्र्वा हे थंडीने काकडणारं गाव शंभर वर्षं जेवलं. हिवाळ्यात शेतं बर्फाखाली गेली की घराघरांतून माणसं पिना ठोकत बसत. एकेका नळकांड्यावर हजारो पिना. आज तिथे या पेट्यांचं संग्रहालय आहे, १८६५ मध्ये सुरू झालेलं रूझ हे घराणं अजून पेट्या बनवतं, आणि जुरा पट्ट्यातल्या घड्याळजींच्या व यंत्रकारांच्या या कारागिरीची २०२० मध्ये युनेस्कोने अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद केली.

तर किंमत कशी ठरते? ज्यांनी गावच्या बैलबाजारात मुरलेला व्यापारी पाहिला आहे, त्यांना हे समजवायला लागणार नाही. तो बैलाच्या शिंगांना लावलेला रंग बघत नाही, झूल बघत नाही, मालक सांगतो ती वंशावळ तर ऐकतच नाही. तो सरळ ओठ वर करतो आणि दात बघतो. आदत, दुसा, चौसा, काय ते तिथे कळतं. म्युझिक बॉक्सचा गिऱ्हाईकही तसाच. तुम्ही झाकणावरच्या शिसवी नक्षीचं वर्णन करत असता, पणजोबांच्या साहेबाला आवडलेल्या पुरणपोळीपर्यंत आलेला असता, आणि तो खिशातून भिंग काढून फणीवर वाकलेला असतो. एक दात तुटका, भाव पडला. तीन शेजारशेजारचे तुटके, आणखी पडला. दाताची टोकं गंजलेली, उतरती कळा. टोकं मोडून गेलेली आणि कुणीतरी कानस मारून सारखी केलेली असतील, तर तो भिंग खिशात ठेवतो आणि हवेबद्दल बोलायला लागतो.

दातांच्या पोटातही भानगडी असतात. खर्जाचे दात जड हवेत म्हणून त्यांच्या खाली शिशाचे तुकडे डकवलेले असतात. शंभर-दीडशे वर्षांत शिसं पांढरं पडतं, फुगतं, शेजारच्या दाताला टेकतं, आणि मग 'विल्यम टेल' चालू असताना मधेच घशात काहीतरी अडकल्यासारखं होतं. शिवाय दातांच्या खाली केसाएवढी तार असते. तिचं काम एकच: थरथरणाऱ्या दाताला पुढची पिन लागण्याआधी त्याला गप्प करायचं. ती तार मोडली की पेटी गाताना किंचाळते. तिचे मालक म्हणतात, "जुना आवाज आहे, अँटीक!"

आणि आता तो प्रकार, ज्याच्या नुसत्या उल्लेखाने संग्राहक खुर्ची घट्ट धरतात. पेटीत एक ताकदवान स्प्रिंग असते आणि तिला आवर घालायला शेवटच्या चाकावर एक इवलासा पंखा असतो. हवा कापत तो भिरभिरतो, म्हणून नळकांडं संथ फिरतं. घरातल्या हुशार माणसाला पेटी बंद पडलेली आवडत नाही. हा हुशार माणूस प्रत्येक घरात असतो. मिक्सर त्याने दुरुस्त केलेला असतो, त्यानंतर नवा मिक्सर घेतलेला असतो. तो स्क्रू ड्रायव्हर घेतो आणि चावी भरलेली असतानाच पंख्याचा स्क्रू सैल करतो. पुढच्या काही सेकंदांत स्प्रिंगमध्ये कोंडलेलं सगळं बळ एकदम सुटतं, नळकांडं वेड्यासारखं फिरतं, पिना आडव्या होतात आणि दातांच्या ठिकऱ्या घरभर उडतात. दुरुस्ती होते, नाही असं नाही. नवे दात बसवणारे, हजारो पिना पुन्हा ठोकणारे कारागीर युरोप-अमेरिकेत आहेत. फक्त त्यांचं बिल बहुतेक वेळा पेटीच्या किमतीहून मोठं असतं.

त्या हुशार माणसाचा धाकटा भाऊ म्हणजे तेल घालणारा. त्याच्या मते जगातली प्रत्येक अडचण तेलाने सुटते. शिवणयंत्राचं तेल, नाहीतर खोबरेल. तेलात धूळ बसते, धुळीची पेंड होते, आणि पेटी जी गप्प होते ती कायमची. आणि त्यांची वहिनी म्हणजे दसऱ्याची साफसफाई करणारी. ती पितळ दिसलं की चिंच-मीठ घेऊन बसते. नळकांडं सोन्यासारखं चमकतं यात वाद नाही. पिनाही निघून येतात.

दात ठीक असतील तरच पुढचे प्रश्न विचारायचे. चावी कुठे आहे? बाजूने वेगळी किल्ली लावायची असेल तर पेटी साधारण १८६० च्या आधीची, आणि आत मागे-पुढे करायचा दांडा असेल तर नंतरची. नाव कुणाचं? निकोल फ्रेअर हे जिनिव्हाचं घराणं १८१५ पासूनचं आणि इंग्लंडात फार नावाजलेलं. त्यांच्या पेट्यांवरच्या अनुक्रमांकावरून साल काढता येतं. किती धुनी? इथे आपला सगळा हिशेब उलटा पडतो. आपल्याला वाटतं, बारा धुनी म्हणजे सहांच्या दुप्पट भाव. प्रत्यक्षात एकाच नळकांड्यावर जितक्या जास्त धुनी कोंबायच्या, तितकी पिनांची दाटी, आणि दातही कमी व जाड करावे लागतात. सर्वांत मान कशाला, तर जाडजूड नळकांड्यावर फक्त चार धुनी, पण चारही ऑपेरांच्या पूर्ण नांदीएवढ्या. त्याउलट पुढे-पुढे काही कारखान्यांनी पेटीत घंटा बसवल्या, ढोलकं बसवलं, घंटांवर बसलेली रंगीत फुलपाखरं आणि हातात काठी घेतलेले पुतळे बसवले. घरी आलेला पाहुणा त्यांच्यावर खूश होतो. दर्दी म्हणतो, "ढोल मागे काढून ठेवता येतो का?" आपल्याकडे लग्नाच्या वरातीतल्या बँडबद्दलही जाणकारांचं हेच मत असतं, पण ते ऐकतो कोण.

नळकांड्याच्या पेटीत एक खोट होती. सहा धुनींची पेटी घेतली की जन्मभर त्याच सहा. दुसरी धून हवी तर दुसरं नळकांडं, आणि ते महाग. १८८० नंतर लाइपझिगमध्ये पाउल लोखमान आणि मग ब्राखहाउझेन या मंडळींनी नळकांड्याऐवजी धातूची तबकडी आणली. तबकडी बदला, गाणं बदला. लोखमानचं यंत्र सिम्फोनियन, ब्राखहाउझेनचं पॉलिफॉन. दारूच्या गुत्त्यात उंच कपाटाएवढं पॉलिफॉन उभं असे. नाणं टाकलं की गाणं. ब्राखहाउझेन १८९२ मध्ये अमेरिकेला गेला आणि न्यू जर्सीत त्याने रेजिना कंपनी काढली. कारखाना लवकरच राहवे गावी स्थिरावला. हे राहवे म्हणजे ज्या एडिसनमध्ये मराठी मंडळाचा गणपती बसतो, तिथून मोटारीने अगदी जवळ. त्या भागातल्या आपल्या लोकांना शनिवारी सकाळी दुसऱ्याच्या गॅरेजमधल्या जुन्या वस्तू बघत हिंडायचं व्यसन लागलेलं असतं. माझा एक भाचा त्यांतला.

"मामा, रेजिना मिळाली! साडेपंधरा इंची तबकडीची. बाई म्हणाली, आजीची आहे, आठशे डॉलर."

"दात बघितलेस?"

"मामा, मी इंजिनियर आहे."

"म्हणजे नाही बघितलेस."

बघितले, तर सगळे शाबूत. नशीब असतं एकेकाचं. त्या आकाराची चांगली वाजणारी रेजिना तिकडे काही हजार डॉलरना सहज जाते. आता तो ती विकत नाही आणि बायको ती बैठकीत ठेवू देत नाही, म्हणून रेजिना पुन्हा गॅरेजमध्येच आहे. न्यू जर्सीत गॅरेजमधून निघालेली वस्तू गॅरेजमध्येच विसावते, फक्त गॅरेज बदलतं. त्यातही गंमत अशी की ग्रामोफोन आला, म्युझिक बॉक्स झोपले, आणि रेजिना कंपनीने व्हॅक्यूम क्लीनर काढले. पुष्कळ अमेरिकनांना रेजिना म्हटलं की झाडूच आठवतो. तिकडे जर्मनीत पॉलिफॉन कंपनीने उलट उडी मारली. १९१७ मध्ये तिने डॉइच ग्रामोफोन कंपनीच विकत घेतली. पॉलिडॉर हे रेकॉर्डवरचं नाव आपल्या घरातही असेल. ते याच पॉलिफॉनचं वंशज.

ग्रामोफोनचा विषय निघालाच आहे, तर मुंबईच्या चोर बाजारात मटन स्ट्रीटवरून एक फेरी मारून या. पितळी कर्णे उन्हात झळाळत असतात. अष्टकोनी पेटी, कुत्र्याचं चित्र, विक्रेत्याची शपथ. बहुतेकांत एखाद्या मोडक्या पेटी-ग्रामोफोनचं मशीन, नवी सुतारकी आणि गेल्या महिन्यात ठोकलेला कर्णा असतो. परदेशी संग्राहकांनी या प्रकाराला 'क्रॅपोफोन' असं नाव ठेवलं आहे. विक्रेत्याला विचारलं, "किती जुना?" तर तो तुमच्या तोंडाकडे बघून साल सांगतो. टोपी घातलेल्या गोऱ्याला १९०५, आपल्याला १९३०. घासाघीस चालू झाली की वस्तू दर पाच मिनिटांनी दहा वर्षांनी तरुण होते.

हलत्या बाहुल्यांचा बाजार याहून अवघड, कारण तिथे कथा यंत्राइतकीच कुशल असते. स्वित्झर्लंडमध्ये न्यूशातेलच्या संग्रहालयात जाके-द्रो पितापुत्र आणि त्यांचा साथी लेशो यांनी १७६८ ते १७७४ या काळात बनवलेल्या तीन बाहुल्या आहेत. एक लिहिते, एक चित्र काढते, एक वाद्य वाजवते. लिहिणाऱ्या मुलाच्या पोटात सुमारे सहा हजार भाग आहेत आणि चाळीस अक्षरांपर्यंतचा कोणताही मजकूर त्याला लावून देता येतो. तो टाक शाईत बुडवतो, झटकतो, आणि नजर अक्षरामागे फिरवतो. अडीचशे वर्षांत त्याचं अक्षर बिघडलेलं नाही. त्याच्या आधी, १७३९ मध्ये, पॅरिसमध्ये व्होकान्सोनचं बदक दाणे खाऊन ते पचवून दाखवत असे. पचनाचा शेवटचा भागही प्रेक्षकांना दाखवला जाई. नंतर कळलं की दाणे एका कप्प्यात राहत आणि शेवटचा भाग दुसऱ्या कप्प्यात आधीच भरून ठेवलेला असे. आत एक, बाहेर दुसरंच, हे तंत्र तेव्हापासून किती संस्थांनी उचललं ते सांगत बसत नाही.

वस्तूचा कर्ता कोण, यावर किंमत दुपटी-चौपटीने बदलते, आणि घरच्या माणसांचा अंदाज बहुधा चुकतो. १९२८ च्या नोव्हेंबरात फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटच्या दारात एक ट्रक आला. त्यात आगीत होरपळलेल्या एका पितळी बाहुलीचे सुटे भाग होते. देणाऱ्या घराण्याची समजूत होती की ही बाहुली मेल्त्सेलने बनवली. हा मेल्त्सेल म्हणजे मेट्रोनोमवाला, आणि बुद्धिबळ खेळणारा तुर्क नावाचा पुतळा, ज्याच्या पोटात माणूस लपलेला असे, तो गावोगाव मिरवणाराही हाच. संस्थेच्या कारागिराने बाहुली जोडली, पेन दिलं, चावी दिली. तिने चित्रं काढली, कविता लिहिल्या आणि एका फ्रेंच कवितेच्या कडेला लिहून टाकलं: मायार्देच्या यंत्राने लिहिले. कर्त्याचा दाखला कर्त्याच्या निर्मितीनेच स्वहस्ते लिहून दिल्याचं हे उदाहरण. आपल्या बाहुल्यांनी ही सोय ठेवलेली नाही, म्हणून आपल्याला पावत्या, जुनी पत्रं, फोटो जपावे लागतात. ती आपण पेटी सापडली त्याच दिवशी रद्दीत दिलेली असतात.

किंमत म्हणजे शेवटी काय, हे पाहायचं तर लंडनच्या जेम्स कॉक्सकडे पाहावं. हा अठराव्या शतकातला मोठा व्यापारी. हिरेमाणकं जडवलेले हत्ती, मोर, गाणारे पक्षी बनवून घ्यायचा आणि पूर्वेकडे, मुख्यतः चीनकडे पाठवायचा. तिकडचा बाजार बसला आणि माल अंगावर आला. कॉक्सने काय करावं? त्याने संग्रहालय उघडून अर्धी गिनी तिकीट लावलं, आणि तेही पुरेना तेव्हा १७७३ मध्ये पार्लमेंटकडून कायदा करून घेऊन सगळा माल लॉटरीत काढला. त्याच्या संग्रहातला चांदीचा हंस, जॉन जोसेफ मर्लिनच्या यंत्राचा, १८६७ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात मार्क ट्वेनने पाहिला आणि त्यावर लिहिलं. १८७२ मध्ये जॉन बोझ या श्रीमंत इंग्रजाला तो एका जवाहिऱ्याकडून मिळाला दोनशे पौंडांना. आज तो इंग्लंडच्या उत्तरेकडे बार्नर्ड कॅसल इथल्या बोझ संग्रहालयाची ओळख आहे. मान वाकवतो, मासा पकडतो, गिळल्यासारखं करतो. आता त्याची किंमत कुणी सांगू शकत नाही, कारण तो कुणी विकणार नाही. दुसऱ्या टोकाला, रोशा बंधूंच्या नावाची पिस्तुलांची एक जोडी. चाप ओढला की नळीतून गोळीऐवजी इवलासा पक्षी बाहेर येतो, चोच उघडून गातो. २०११ मध्ये हाँगकाँगच्या लिलावात ती सुमारे ५८ लाख डॉलरना गेली. गोळी न घालता एवढी लूट क्वचितच झाली असेल.

आपल्या भूमीशी थेट नातं असलेली सर्वांत प्रसिद्ध हलती वस्तू म्हणजे टिपूचा वाघ. इंग्रज शिपायाच्या छातीवर बसलेला लाकडी वाघ. दांडा फिरवला की शिपायाचा हात हलतो, तो विव्हळतो आणि वाघ गुरगुरतो. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणच्या लुटीत तो लंडनला गेला आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीत लोकांसाठी मांडला गेला. शेजारीच ग्रंथालय. येणारा प्रत्येक माणूस दांडा फिरवायचा आणि अभ्यासू लोक वैतागायचे, याच्या तक्रारी वर्तमानपत्रांपर्यंत गेल्या. टिपूने हयातीत इंग्रजांना दिला नसेल एवढा सततचा त्रास त्याच्या वाघाने लंडनच्या वाचकांना दिला. पुढे तो दांडाच कधीतरी नाहीसा झाला. मला त्यात एका ग्रंथपालाचा संशय येतो.

हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयातलं घड्याळही असंच लाडकं. तास भरायला आला की एक दाढीवाला पुतळा दारातून येतो, टोले देतो आणि परत जातो, आणि त्यासाठी शेकडो माणसं बाकांवर दाटीवाटीने बसलेली असतात. दुपारी बाराचा खेळ सर्वांत मोठा. मुंबईच्या राजाबाई टॉवरचं घड्याळ तर एकेकाळी सोळा सुरावटी वाजवायचं, 'रूल ब्रिटानिया'सकट. यांतलं काहीच विकाऊ नाही, त्यामुळे आपण त्यांची किंमत छातीठोकपणे सांगू शकतो.

विकाऊ पेटीची किंमत मात्र एक नसते. विम्यासाठी एक असते, ती सर्वांत मोठी, कारण तशीच दुसरी आणायला दुकानात काय पडेल ते त्यात धरतात. दुकानदाराची एक असते, ती तुम्ही विकत घेताना. तीच पेटी विकायला नेलीत तर त्याच दुकानदाराची वेगळी असते, आणि त्या वेळी त्याला फणीवरचे डाग दिसायला लागतात. लिलावाची आणखी वेगळी. समजा हातोडा हजारावर पडला. घेणाऱ्याला वर पंचवीस टक्के कमिशन धरून साडेबाराशे मोजावे लागतात, विकणाऱ्याकडून पंधरा टक्के कापून साडेआठशे हातात पडतात, आणि मधले चारशे ज्याने फक्त हातोडा आपटला त्याचे. बैलबाजारात रुमालाखाली बोटं दाबून सौदा ठरवतात, त्याला आपण मागासलेलं म्हणतो. भावांमध्ये वाटणी करताना एक किंमत असते, ज्याच्या वाट्याला पेटी येते त्याला ती फार जास्त वाटते. आणि सर्वांत शेवटी भंगारवाल्याची. ती एकच किंमत किलोवर असते आणि तो ताबडतोब रोख देतो.

वर एक वाईट बातमी. गेल्या वीसेक वर्षांत मधल्या दर्जाच्या पेट्यांचे भाव उतरलेले आहेत. संग्राहक म्हातारे झाले, त्यांच्या मुलांना छोटी घरं आणि मोठे टीव्ही हवे आहेत. उत्कृष्ट वस्तूला अजून गिऱ्हाईक धावत येतं, सामान्य वस्तूला नाही. आणि परदेशी विकून डॉलर आणू म्हणाल तर १९७२ चा पुरावस्तू कायदा वाचा. शंभर वर्षांहून जुनी, पुरावस्तू ठरणारी गोष्ट खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. शंका असेल तर ती पुरावस्तू नसल्याचा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून घ्यावा लागतो. म्हणजे घरी पाहुण्यांना पेटी दीडशे वर्षांची म्हणून सांगायची आणि सरकारी कचेरीत ती कशी नवीनच आहे हे पटवायचं. गाणाऱ्या पक्ष्याला हमिंगबर्डची खरी पिसं असतील किंवा पेटीवर हस्तिदंत असेल, तर वन्यजीवांचे नियम आणखी वेगळे.

तेव्हा तुमच्या माळ्यावर अशी पेटी निघालीच, तर आधी चावी देऊ नका. झाकण उघडून उजेडात फणीचा, नळकांड्याचा, यादीच्या कागदाचा आणि अनुक्रमांकाचा फोटो काढा. धून अर्धवट थांबलेली असेल तर पेटी हलवू नका. पिना दातांत अडकलेल्या असतात. फोटो म्युझिकल बॉक्स सोसायटीकडे पाठवा. अमेरिकेतली १९४९ पासून आहे, ब्रिटनमधली १९६२ पासून, आणि तिथल्या म्हाताऱ्यांना दुसऱ्याच्या पेटीतले दात मोजण्याइतका आनंद कशातच नसतो. कारागीर पेटी बघून जाईपर्यंत तिला कुलूप लावून ठेवा. आणि "एकदा वाजवून तर दाखवा" म्हणून आग्रह करणारा पाहुणा आलाच, तर त्याला चहा द्या, पोहे द्या, चावी देऊ नका.